लोखंडाच्या मापाची कपाटं

फाउंड्रीची भट्टी विझून बावीस वर्षं झाली, तरी मागच्या गल्लीतल्या घरांत केर काढताना अजून काळी वाळू निघायची. फरशीच्या सांध्यांतून, दाराच्या बिजागऱ्यांतून, कुठून कुठून यायची कोण जाणे. बायका ती सुपलीत भरून टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडायला लागायच्या. गल्लीने वाळू आपली मानली होती. फाउंड्रीच्या रिकाम्या इमारतीकडे मात्र वीस वर्षं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने ते सगळं आवार रहिवाशांच्या समितीकडे सोपवलं आणि हळूहळू एकेक दार उघडायला लागलं. जिथे लोखंड ओतलं जायचं त्या मोठ्या दालनात वाचनालय व्हायचं होतं. ऑफिसच्या खोल्यांत शिवणकाम करणाऱ्या बायकांनी मशिनं मांडली. गोदामात गाण्याबजावण्याच्या तालमी सुरू झाल्या. गेटापाशी चौकीदाराच्या खोलीत दोघं भाऊ सायकली दुरुस्त करायला बसू लागले. ती खोली एवढीशी होती की एकाला खाली वाकायचं असलं की दुसऱ्याला बाहेर जावं लागे.

शिल्लक राहिली होती एकच खोली, पॅटर्नखोली. ती सायकलवाल्या भावांना हवी होती, आणि मिस्त्रींनाही हवी होती.

मिस्त्री सत्त्याहत्तर वर्षांचे. त्यातली अडतीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढलेली. पंपाचं चाक असो की एखाद्या यंत्राचा पाय, लोखंडात काहीही ओतायचं तर आधी ते हुबेहूब लाकडात करावं लागतं. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. पॅटर्न ओलसर वाळूत दाबायचा, अलगद वर काढायचा, आणि खाली जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. मिस्त्री हे पॅटर्न करायचे. ते कुणी विकत घेत नसे, कुणी घरी नेत नसे. वाळूत आपला ठसा उमटवला की त्यांचं काम संपलं.

आता त्यांना त्या खोलीत मुलांना शिकवायचं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेला शेवटचा माणूस कुठल्याशा शहरात टॅक्सी चालवत होता. आपण गेलो की रंधा कसा धरायचा हे सांगणारं गल्लीत कुणी उरणार नाही, एवढी साधी त्यांची काळजी होती. ती ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण खोलीचा विषय निघाला की त्यांचं जेवण थांबायचं, हे घरात सगळ्यांनी ओळखलं होतं.

समितीच्या अध्यक्ष होत्या सिस्टरबाई. फाउंड्रीच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांच्या डोळ्यांत गेलेले लोखंडाचे कण त्यांनी काढले होते, त्यामुळे त्यांच्या नजरेला नजर देऊन खोटं बोलणं अजूनही कुणाला जमत नसे. त्यांनी मिस्त्रींना सरळ सांगितलं की शिकवतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, आधी मुलांकडून काहीतरी करवून दाखवा. वाचनालयाच्या लांब भिंतीत जुन्या खिडक्या बुजवून आठ कोनाडे केले होते. त्या आठ कोनाड्यांत बसतील अशी पुस्तकांची आठ कपाटं मुलांनी मिस्त्रींच्या हाताखाली करायची. भिंतीचा गिलावा सुकला की कपाटं बसवून बघायची. बसली तर खोली मिस्त्रींची, नाही बसली तर त्याच दिवशी ती सायकलवाल्यांना द्यायची, कारण त्यांनाही उद्‌घाटनाआधी सामान हलवायचं होतं. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या.

कोनाड्यांचं माप दिलं आर्किटेक्ट मुलीने. ती सत्तावीसची, कामावर नवी, आणि सगळ्यांशी जरा जास्तच नम्र. मिस्त्री तिला ताई म्हणत, ती त्यांना काका. तिने स्वच्छ ड्रॉइंग काढून दिलं. प्रत्येक कोनाडा एक मीटर वीस सेंटीमीटर रुंद. गिलावा ओला होता म्हणून कोनाड्यांजवळ जायला बंदी होती, पण मिस्त्रींना त्याचं काहीच वाटलं नाही. यंत्र डोळ्यांनी न बघता नुसत्या ड्रॉइंगवरून काम करायचं, हीच तर त्यांच्या धंद्याची ऐट.

मुलं जमली आठ. त्यांत मिस्त्रींची अकरा वर्षांची नात होती. तिला घरात चौकशीखिडकी म्हणत, कारण ती सकाळी उठायची ती प्रश्न घेऊनच. मिस्त्रींनी पहिले दोन दिवस कुणाला करवतीला हात लावू दिला नाही. नुसतं लाकूड बघायला लावलं. रेषा कुठे जातात, गाठ कुठे आहे, हात कुठल्या दिशेने फिरवला की कुसळ टोचतं. एक मुलगा कंटाळून म्हणाला की हे तर शाळेसारखंच झालं. मिस्त्रींनी त्याला फळी उलटी रंधून बघायला दिली. फळी ओरबाडली गेली. त्यानंतर तो स्वतःच प्रत्येक फळीवर आधी हात फिरवायला लागला.

प्रत्येक कपाटाला पाच आडव्या फळ्या. मिस्त्रींनी आपल्या जुन्या पोलादी पट्टीने एका काठीवर माप घेतलं, दोन्ही बाजूंना मिळून पाच मिलिमीटरची मोकळीक सोडली आणि त्या एका काठीवरून मुलांकडून चाळीसही फळ्या आखून घेतल्या. सरस कशालाच लावला नाही. आधी कोरडं जोडून बघायचं, बसलं तर मग चिकटवायचं, ही त्यांची सवय. तीन आठवड्यांत कपाटं उभी राहिली. खाचा अशा बसल्या होत्या की सांध्यात नख जात नव्हतं.

गुरुवारी गिलावा सुकल्याचं कळलं. समितीची माणसं आली, सायकलवाले भाऊ आले. चार मुलांनी पहिलं कपाट उचलून कोनाड्यापाशी आणलं. ते गेलं नाही. एक बाजू आत गेली की दुसरी बाहेर राहायची. दुसरं कपाट आणलं, तिसरं आणलं. आठही कपाटं एकसारखी होती आणि आठही सात-सात मिलिमीटरने अडत होती.

समितीतले एक गृहस्थ कुणाचंही नाव न घेता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले की हल्ली मापंसुद्धा कॉम्प्युटरवर घेतात, भिंतीला हात लावायला नको. आर्किटेक्ट मुलगी कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, कदाचित माझंच चुकलं असेल, मी उद्या पुन्हा मोजते. मिस्त्रींनाही तेच वाटलं. त्यांनी तिच्याकडे बघून हात हलवला, असू दे, होतं असं, म्हणून. सिस्टरबाईंनी निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलला. माप चुकीचं दिलं असेल तर त्यात मिस्त्रींचा काय दोष, आपण त्यांना दुसरी संधी देऊ, असं त्या जाता जाता म्हणाल्या.

संध्याकाळी घरी नात भूमितीचा अभ्यास करत होती. रेघा मारायला तिने आजोबांची पोलादी पट्टी घेतली होती, कारण ती जड होती आणि हलायची नाही. थोड्या वेळाने ती वही घेऊन आली.

"आजोबा, माझी पट्टी खोटी निघाली."

तिने तीस सेंटीमीटरची रेघ आजोबांच्या पट्टीने मारली होती आणि स्वतःच्या प्लास्टिकच्या पट्टीने तपासली होती. तिची पट्टी संपली तरी रेघ तीन मिलिमीटर पुढे गेली होती. मिस्त्रींनी दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेल्या आणि शून्याला शून्य लावून धरल्या. मग त्यांनी नातीला जवळ बसवलं.

वितळलेलं लोखंड फुगलेलं असतं. थंड होताना ते आक्रसतं, मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर. म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठी असते. तिच्यावर लिहिलेला एक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर लांब. पॅटर्नखोलीत साधी पट्टी आणायची सक्त मनाई होती. शिकाऊ मुलाच्या खिशात ती सापडली तर जुने मिस्त्री ती खिडकीबाहेर भिरकावून द्यायचे. अडतीस वर्षं हातात तीच मोठी पट्टी. मिस्त्रींच्या लेखी ती लोखंडासाठीची पट्टी उरलीच नव्हती, ती नुसती त्यांची पट्टी होती. आणि लाकूड म्हणूनच राहणारी वस्तू त्यांनी उभ्या आयुष्यात फारशी केलीच नव्हती. घरातलं टेबल तेवढं केलं होतं. ते सेंटीमीटरभर मोठं झालं म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं.

हे त्यांनी नातीला समजावून सांगितलं, अगदी सावकाश, वाळू आणि पोकळी आणि थंड होणारं लोखंड, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. तेवढ्यात भट्टीवाले आले. भट्टीवाले म्हणजे मिस्त्रींचे जुने सोबती. एकाने नमुना करायचा, दुसऱ्याने लोखंड ओतायचं. रोज संध्याकाळी दोघं तासभर बसत आणि त्यातला अर्धा तास भांडत.

भट्टीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टी उलटसुलट करून बघितली आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ, तू गप्प बसायचं. ती पोर तरुण आहे. तिचं चुकलं असं झालं तर लोक महिन्याभरात विसरतील. तुझं चुकलं असं झालं तर म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही. मग खोली गेली आणि मुलंही गेली."

मिस्त्री म्हणाले, मला कळतंय ते. भट्टीवाले म्हणाले की कळतंय ना, मग झालं तर, फळ्या गुपचूप तासून घे, मी कुणाला बोलणार नाही. आणि तुझ्या या पट्टीने तू माझ्याकडून जन्मभर जास्तीचं लोखंड ओतवून घेतलंस ते वेगळंच. एरवी या विनोदावर मिस्त्री हसले असते.

नात वहीवर पट्टी ठेवून तशीच बसली होती.

"पण ताईंनी बरोबरच मोजलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो," मिस्त्री म्हणाले. "बरोबरच मोजलं होतं."

भट्टीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे, आणि चप्पल पायात सरकवत म्हणाले की तुमच्या घरात बोलायची सोय नाही.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री वाचनालयात पोचले तेव्हा आर्किटेक्ट मुलगी कोनाड्यापुढे गुडघे टेकून बसली होती. गुडघ्यांना चुना लागला होता. ती म्हणाली, काका, चार वेळा मोजलं, दर वेळी एक मीटर वीसच येतंय, मला आता माझ्या टेपवरच विश्वास उरला नाही. मिस्त्रींनी तिला उठायला हात दिला आणि समितीची माणसं येईपर्यंत थांबायला सांगितलं. मुलांनाही बोलावून घेतलं.

सगळे जमल्यावर त्यांनी दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्या. नातीला सांगितलं होतं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं, समितीकडे न बघता मुलांकडे बघून, कारण मुलांना सांगताना त्यांचा आवाज स्थिर राहायचा. मग ते सिस्टरबाईंकडे वळले.

"ताईंचं माप बरोबर होतं. चूक माझी आहे. जन्मभर लोखंडासाठी लाकूड कापलं. हे लाकूड लाकूडच राहणार आहे, हे हाताच्या ध्यानातच आलं नाही."

कॉम्प्युटरवरून टोमणा मारणारे गृहस्थ कोनाड्याचा गिलावा न्याहाळायला लागले. आर्किटेक्ट मुलगी मात्र पट्टीवरून हळूच बोट फिरवत होती. कॉलेजात एकदा अशा पट्टीबद्दल ऐकलं होतं, पण बघायला आज मिळाली, असं काहीतरी ती पुटपुटली.

सिस्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सांगितलंत हे बरं केलंत. पण ठरलं ते ठरलं, मिस्त्री. कपाटं बसली नाहीत. खोली सायकलवाल्यांची."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी एवढंच मागितलं की फळ्या दुरुस्त करायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नये. सरस लावलेला नव्हता, त्यामुळे कपाटं खोलता येत होती. चाळीस फळ्या बारा-बारा मिलिमीटर आखूड करायच्या, फळ्या पक्क्या करणाऱ्या खुंट्यांची भोकं नवी पाडायची, उद्‌घाटनाला अजून नऊ दिवस होते. पण करायचं कुठे, हा प्रश्न होता, कारण पॅटर्नखोलीत दुपारपासून सायकली यायला लागणार होत्या. शेवटी आर्किटेक्ट मुलीनेच बाहेर बोट दाखवलं. गेट आणि वाचनालय यांच्या मधलं अंगण रिकामंच होतं. पुढे तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या, पण तोवर वापरायला हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी दोनच मुलं आली, नात आणि तो उलटा रंधा मारणारा मुलगा. बाकीच्यांच्या घरी बोलणं झालं होतं. ज्याला माप घेता येत नाही तो काय शिकवणार, असं एका मुलाची आई विहिरीपाशी बोलल्याचं मिस्त्रींच्या कानावर आलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. अंगणात दोन लाकडी घोड्या मांडल्या, त्यांवर फळी ठेवली आणि आर्किटेक्ट मुलीकडून तिचा टेप मागून घेतला. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि मिस्त्रींनी आखलेली रेघही मुलांनी तपासायची, असा नवा नियम झाला. मुलांना तो फार आवडला. आजोबांची रेघ तपासताना त्यांचे चेहरे परीक्षकासारखे होत.

पॅटर्नखोलीत तीन आठवडे काम चाललं होतं, पण आत काय चाललंय हे कुणाला दिसत नव्हतं. अंगण मात्र सगळ्यांच्या वाटेवर होतं. शिवणकामाच्या बायका दुपारी पाय मोकळे करायला निघाल्या की करवतीच्या आवाजाने थांबायच्या. तालमीला आलेला ढोलकीवाला आपली पाळी येईपर्यंत तिथेच रेंगाळायचा. तिसऱ्या दिवशी सहा मुलं होती, चौथ्या दिवशी अकरा. उगीच बोललेली ती आई आपल्या मुलाला शोधायला आली आणि तो कसा कापतो ते बघत अर्धा तास उभी राहिली. सायकलवाले भाऊ आपल्या नव्या खोलीतून एक दणकट शिकंजा घेऊन आले. खोली तुमची गेली, निदान फळी धरायला हा तरी असू दे, असं थोरला म्हणाला आणि कुणी आभार मानायच्या आत निघून गेला.

भट्टीवाले रोज यायचे आणि काठीने दाखवून मुलांच्या चुका काढायचे. तिरकं चाललंय, घाई करतोस, अशी करवत आमच्या वेळी कुणी धरली असती तर. पाचव्या दिवशी नातीने करवत त्यांच्याच हातात दिली. आयुष्यभर आगीशी खेळलेल्या त्या माणसाने जी रेघ कापली ती बघून मुलं पोट धरून हसली. भट्टीवाल्यांनी फळीच वाकडी आहे असा निकाल दिला, पण दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हजर होते आणि टाकाऊ तुकड्यावर एकटेच सराव करत होते.

शनिवारी दुपारी शेवटचं कपाट आत गेलं. मुलांनी ते कोनाड्यासमोर धरलं, मिस्त्रींनी खालून तळहाताने हलकेच ढकललं, आणि ते ड्रॉवर बंद व्हावा तसं आत सरकलं. सिस्टरबाईंनी फटीत बोट घालून बघितलं. बोट जाईना, पोस्टकार्ड मात्र गेलं. मग ते पोस्टकार्ड त्यांनी आठही कपाटांत घालून बघितलं.

मग सगळे अंगणात आले. आर्किटेक्ट मुलीच्या हातात आवाराचा नकाशा होता. तिने तो घोडीवर पसरला आणि अंगणावर जिथे गाड्यांच्या चौकटी आखलेल्या होत्या तिथे बोट ठेवून सिस्टरबाईंना विचारलं की हे खोडलं तर चालेल का. वर एक पत्र्याचं छप्पर, बाजूंनी सगळं उघडं. सायकलवाल्यांची खोली सायकलवाल्यांकडेच राहील.

सिस्टरबाई कुरकुरल्या की उद्या उद्‌घाटन आणि आज तुम्हाला नकाशा बदलायचाय. मग त्यांनी अंगणभर नजर फिरवली. भुशाचे ढीग होते, अकरा-बारा मुलं होती, आणि त्यांच्याभोवती तेवढीच मोठी माणसं.

"गाड्यांचं काय, बाहेर रस्त्यावर उभ्या राहतील," त्या म्हणाल्या. "पण कपाटं तर झाली, मिस्त्री. आता यांना काय करायला देणार?"

अडतीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी ड्रॉइंग पाठवलं आणि त्यांनी ते केलं. काय करायचं हे ठरवायची वेळ कधी त्यांच्यावर आलीच नव्हती. ते मुलांकडे वळले आणि म्हणाले, तुम्हीच सांगा. असं कुणी विचारतंय याचीच मुलं वाट बघत होती. होडी, घसरगुंडी, पाखरांचं घर, तलवार, एकाच्या तोंडातून दुसऱ्याचा शब्द. मिस्त्री तो गलका हात मागे बांधून ऐकत राहिले. सगळ्यांत लहान होती शिवणकामवालीची मुलगी. ती कधीपासून त्यांची बाही ओढत होती.

"बाक," ती म्हणाली.

"बाक कशाला गं?"

"बघायला येतात ते सगळे उभेच असतात."

मिस्त्रींनी मान वर करून बघितलं. ढोलकीवाला भिंतीला टेकला होता. भट्टीवाल्यांनी सगळा भार काठीवर टाकला होता. तीस वर्षं दवाखान्यात उभ्याने काम केलेल्या सिस्टरबाई एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत होत्या. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून त्या मुलीच्या हातात दिली आणि किती जण बसतील ते मोजून यायला सांगितलं.

ती मोजत निघाली. तिने पहिलं बोट सिस्टरबाईंवर ठेवलं.